घोडं कुठं पेंड खातंय

“मोतद्दाराची जागा भरली,” टेबलामागचा माणूस म्हणाला.

मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. रात्रपाळी करून तसाच गेलो होतो. केसांत, भुवयांत रुईचे तंतू, पायात स्लीपर, डोळे तांबडे. हातात सात वर्षांच्या भाचीचा हात होता. तो त्याला दिसलाच नाही. त्याला दिसला तो काम मागायला आलेला माणूस. मी म्हटलं, “साहेब, काम नको. पोरीला घोड्यावर बसायला शिकवायचंय.” तो माझ्याकडं बघितला, मग पोरीकडं बघितला, मग परत माझ्या स्लीपरकडं. फॉर्म काढायला त्यानं पाच मिनिटं घेतली. आडनाव लिहिताना मान वर न करता विचारलं, “कुणाच्या ओळखीनं आलात?”

कुणाच्या ओळखीनं! गिरणीत चिकटलो तेव्हा हाच प्रश्न. खोली भाड्यानं बघायला गेलो तेव्हा हाच प्रश्न. आमची ओळख आमच्या आडनावातच असते ना साहेब, आणखी कुठली पाहिजे? असं म्हणायचं तोंडात आलं होतं. म्हटलं नाही. पोरगी पलीकडं तबेल्याच्या दारातनं बाहेर आलेल्या घोड्याच्या लांबट तोंडाकडं बघत होती नि मला भांडण नको होतं.

पण ह्या लेखाचं कारण तो टेबलामागचा माणूस नव्हे. तो त्याच्या बापजाद्यांच्या जागी बसलाय, त्याच्याकडनं दुसरं काय यायचं? कारण आपल्यातलेच आहेत. जयंतीच्या वर्गणीची बैठक होती. मंडळानं घरटी पाचशे लावले होते. मी दोनशे दिले, तीनशे पुढच्या पगाराला देतो म्हटलं. तेव्हा आपला एक कार्यकर्ता, ज्याला मी दादा म्हणतो, ज्याच्या शेजारी बसून मी मोर्च्यातल्या घोषणा लिहिल्यात, तो चारचौघांत म्हणाला, “भाचीला घोड्यावर बसवायला पैसे आहेत आणि बाबासाहेबांना द्यायला नाहीत?” सगळे हसले. मग त्यानं भाषणच केलं. घोडा हे सरंजामी जनावर आहे. घोडेस्वारी हा श्रीमंतांचा माज आहे. आपल्या पोरांना पुस्तकं पाहिजेत, घोडे कशाला? दोन वेळची मारामार असणाऱ्यानं असले षौक केले की तो चळवळीतनं गेला म्हणून समजा.

तिथं मी गप्प बसलो. मला बोलता येत नाही, लिहिता येतं. म्हणून इथं लिहितो. दादा, अंक तुझ्या हातात पडंलच.

आधी हिशेब घे. तुला हिशेब पाहिजे होता ना. प्रवेशाचे दोन हजार, एकदाच. महिन्याला बारा तास, तास म्हणजे चाळीस मिनिटं, त्याचे साडेचार हजार. टोपी, म्हणजे घोडेस्वारीचं हेल्मेट, २,४०० रुपये. मी आपला मित्राचं मोटारसायकलचं हेल्मेट घेऊन गेलो होतो. शिकवणारे म्हणाले, हे चालत नाही. ते जड असतं, लेकराच्या मानेवर भार येतो, बाजूचं दिसत नाही, आणि घोड्यावरनं पडताना डोकं जसं आपटतं त्याचा विचार करून ते केलेलं नसतं. बुटाला थोडी टाच लागते. टाच नसली तर पाऊल रिकिबीतनं पलीकडं सरकतं, आणि पाऊल अडकून पोर पडलं तर घोडा त्याला फरफटत नेतो. शाळेच्या जुन्या बुटांना टाच मारून घेतली, चांभारकाम १२० रुपये. विजार आक्कानं घरी शिवली. मित्राच्या गाडीत पेट्रोल, महिन्याचे सहाशे. पहिल्या महिन्याला ९,६२०. दुसऱ्या महिन्याला ५,१००. आणि पाचव्या आठवड्यात पोरगी पडली.

पडली म्हणजे घोडा नुसता दचकला. वाऱ्यानं प्लास्टिकची पिशवी उडाली नि घोडा एका अंगाला उडी मारून सरकला. घोडा भित्रं जनावर आहे हे मला तिथं गेल्यावर कळलं. एवढं मोठं धूड, पण जन्माचं पळून जीव वाचवणारं. पोरगी उजव्या अंगावर पडली, डोकं कुंपणाच्या लाकडाला लागलं. सिव्हिलला नेली, खांद्याचा फोटो काढला, हाड शाबूत होतं. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, कारण घोड्याच्या लिदीत नि तबेल्याच्या मातीत ते जंतू असतात. सिव्हिलला पैसे पडले नाहीत. पण हेल्मेटला बारीक चीर गेली होती, आणि एकदा जोरात आपटलेली टोपी परत वापरायची नसते. वरनं धड दिसली तरी आतनं गेलेली असते. म्हणजे परत २,४००.

दोन महिन्यांचे झाले १७,१२०. माझा हातात येणारा पगार १४,२००.

आता खरं सांगतो, जे तुला माहीत नाही. आक्काला दोन लेकरं. थोरला दहा वर्षांचा. त्याला स्कॉलरशिपच्या क्लासला घालायचा होता, महिना आठशे. घातला नाही. तो काही म्हणाला नाही. हे ‘काही म्हणाला नाही’ माझ्या उरावर बसलंय. आक्काचा चष्मा पुढं ढकललाय. ती रेडिमेडच्या शेडमध्ये काज-बटण करते, सुईत दोरा ओवायला पोराला बसवते. तुझ्या ‘षौक’ ह्या शब्दानं मला राग आला तो एवढ्यासाठी की ही सगळी किंमत मी रात्री दोन वाजता रिंगफ्रेमपुढं उभा राहून तुझ्याआधी मोजलीय. तू मोजली नाहीस. तू नुसता हसलास.

मग का केलं? पोरगी रंकाळ्यावर दहा रुपयांत एक चक्कर घोड्यावर बसली होती. घोडेवाल्याचा बारका पोरगा लगाम धरून पुढं पळत होता. उतरल्यावर ती मला म्हणाली, “मामा, त्या पोरानं धरलं नसतं तर?” मी म्हटलं, “पडली असतीस.” ती म्हणाली, “मग मला धरून नको, शिकव.” मला येत होतं व्हय शिकवायला? माझ्या बापाला येत होतं? आजाला? सात पिढ्या मागं जा. आमच्या घरात घोड्याजवळ गेलेली माणसं भरपूर, घोड्यावर गेलेलं एक नाही.

महारकीत घोडा होता ना. फौजदार, मामलेदार गावात आला की त्याच्या घोड्याला गवत कापून आणायचं, घोडा धरून उभं राहायचं, सामान डोक्यावर घेऊन घोड्यापुढं पळायचं. घोडा दमला तर त्याला सावली. पळणारा दमला तर शिवी. माझी आजी सांगायची, तिचा सासरा साहेबाच्या घोड्याबरोबर तीन कोस पळून आला नि चावडीपुढं रक्त ओकला. वतनाच्या नावाखाली हे सगळं चालायचं. बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात त्या वतनाशी १९२८ पासनं भांडत होते. कायद्यानं वतन गेलं ते १९५८ साली, बाबासाहेब गेल्यावर.

आणि आपल्याच कोल्हापुरातला गंगाराम कांबळे. जयंतीच्या भाषणात आपण त्याचं हॉटेल सांगतो, शाहू महाराज गाडी थांबवून तिथं चहा प्यायचे ते सांगतो, टाळ्या घेतो. तो आधी काय होता हे सांगताना घाई करतो. तो महाराजांच्या पागेतला मोतद्दार होता. घोड्याला खरारा करणारा, घोड्याला पाणी दाखवणारा. मराठा नोकरांच्या हौदाला शिवला म्हणून त्याला पागेतल्या लोकांनी मरेस्तोवर मारला. महाराज परत आले, त्यांनी मारणाऱ्यांना फोडून काढलं नि गंगारामला म्हणाले, स्वतंत्र धंदा कर. चांगलं झालं. पण बघ, घोड्याची सेवा करणाऱ्या माणसाला पागेतलं पाणी बंद. म्हणजे घोड्याला आमचा हात चालत होता, हौदाला चालत नव्हता.

दादा म्हणतो घोडा सरंजामी. अरे, जनावराला जात आपण चिकटवायची का? ते काम त्यांनी केलंय. घोडा गवत खातो, हरभरा खातो, लीद टाकतो. सरंजाम त्याच्या पाठीवर बसलेला असतो. १ जानेवारी १८१८ ला भीमेच्या काठी आपली माणसं लढली ती पायदळात होती. समोर पेशव्यांचं घोडदळ होतं. आपण दर वर्षी तिथं जाऊन मानवंदना देतो, ती घोडेस्वारापुढं पायी उभं राहिलेल्या माणसाला देतो. ते बरोबरच आहे. पण त्यातनं असा अर्थ कुणी काढला की आपण कायम पायीच राहायचं?

आता तुझी बाबासाहेबांची गोष्ट. तू बाबासाहेबांचं नाव घेऊन मला गप्प केलंस, तर बाबासाहेबांचीच ऐक. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ वाचलंयस ना? नसशील तर मराठीत मिळतं, वाच. १९२९ साल. मुंबई सरकारनं अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायला कमिटी नेमली होती, बाबासाहेब तिचे सभासद. धुळ्याकडनं परत मुंबईला येताना चाळीसगावला उतरले. महारवाड्यातली माणसं स्टेशनवर घ्यायला आलेली. मुक्काम महारवाड्यात, लांब, नदीपलीकडं. बाबासाहेब चालत गेले असते. पण आपल्या लोकांना ते बरं वाटेना, एवढा बॅरिस्टर माणूस, आपला पुढारी, तो पायी? टांगेवाल्यांना विचारलं. एकही टांगेवाला महाराला घेऊन हाकायला तयार होईना. स्टेशनवर ताटकळत बसवलं, आणि शेवटी तोड निघाली ती अशी की टांगा भाड्यानं देतो, पण हाकणार नाही, हाकायचा तुम्ही. आपल्यातल्या एकानं लगाम धरला. त्यानं आयुष्यात टांगा हाकला नव्हता. निघाल्या निघाल्या मोटारीला धडकता धडकता वाचले. पुढं नदीवरच्या मोरीवर चाक कडेच्या दगडाला लागलं. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. घोडा टांग्यासकट खाली नदीत. बाबासाहेबांचा पाय मोडला.

हे वाचलं तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. तेव्हा मला टांगेवाल्याचा राग आला. आजही येतो. घाण साफ करणाऱ्या घोड्याच्या मागं बसून पोट भरणारा माणूस बॅरिस्टरापेक्षा स्वतःला उंच समजतो. पण आता रात्रपाळीत ते आठवतं तेव्हा मी लगाम धरणाऱ्या त्या माणसाजवळ थांबतो. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. काय वाटलं असंल त्याला, बाबासाहेब दगडावर पडल्यावर? त्याची चूक काय होती? अख्ख्या महारवाड्यात एकालाही घोडा हाकता येत नव्हता, कारण कुणी येऊ दिलं नव्हतं. तो धीरानं बसला. धीर होता, हात नव्हता. त्या न येण्याची किंमत बाबासाहेबांच्या पायानं दिली. आता तू मला विचार, पोराला घोड्यावर बसवायचा खर्च किती. मी तुला विचारतो, न बसवायचा खर्च कुठल्या वहीत मांडलायस?

तू म्हणशील हे शंभर वर्षांपूर्वीचं झालं. २०१८ च्या मार्चात गुजरातेत, भावनगर जिल्ह्यातल्या टिंबी गावात, प्रदीप राठोड नावाच्या एकवीस वर्षांच्या आपल्या भावाला मारून टाकलं. त्यानं दोनेक महिन्यांपूर्वी घोडा घेतला होता. गावातले वरच्या जातीचे लोक घोड्यावर बसू नको म्हणून धमकावत होते, असं त्याच्या बापानं पोलिसांना सांगितलं. त्याच साली उत्तर प्रदेशात कासगंज जिल्ह्यात एका आपल्या मुलाला स्वतःची वरात गावातनं न्यायला हायकोर्टापर्यंत जावं लागलं, आणि शेवटी पोलिसांच्या बंदोबस्तात वरात गेली. राजस्थानात बुंदी जिल्ह्यात पोलिसांनी २०२२ मध्ये आपल्या नवरदेवांना घोडीवर बसता यावं म्हणून मोहीमच काढली, नाव ‘ऑपरेशन समानता’. विचार कर, घोडीवर पंधरा मिनिटं बसायचं त्याला ऑपरेशन लागतं! घोडा जर नुसता माजाचा विषय असता तर त्याच्यासाठी कुणी कुणाचा मुडदा पाडला नसता. ते ओळखून आहेत. आपल्यालाच कळंना.

आणि इथं थांबतो का बघ तू. आपल्या मंडळानं गेल्या जयंतीला दोन घोडे आणले होते की नाही? बँडवाल्याकडनं, झूल घातलेले, पायात घुंगरं. एकावर शिवाजी महाराज केलेला पोरगा, एकावर निळा कोट घातलेला पोरगा. दोघांना दोन दोन बाप्यांनी धरलेलं. पुढं डीजे, एवढा की मुकी जनावरं थरथरत होती, एकाच्या तोंडाला फेस आलेला. त्या डीजेचं बिल मी तुला विचारलं नाही. त्या घोड्यांचं भाडं कुणी सरंजामी म्हणालं नाही. म्हणजे मिरवायला घोडा चालतो. दोघांनी धरून बसवलेलं पोर चालतं. नीट शिकून, लगाम स्वतःच्या हातात घेऊन बसलेलं पोर आलं की मात्र षौक झाला, माज झाला. दादा, घोडं इथं पेंड खातंय.

वाईट वाटून घेऊ नको. मला आपल्यातल्या साहेब लोकांचाही कैवार घ्यायचा नाही. तिथं क्लबात एक आपलेच येतात, मोठ्या हुद्द्यावर, गाडीतनं. त्यांचा मुलगा चांगला बसतो. मी जयभीम घातला तर त्यांनी इकडंतिकडं बघून बारीक मान हलवली. मुलाला घोड्यावर बसवून ह्यांना फक्त तिथल्या माणसांत मिसळायचंय. तसल्या घोडेस्वारीबद्दल तू बोलत असशील तर बोल, मी तुझ्या बाजूनं उभा राहतो.

मला जे सांगायचंय ते घोड्याच्या खालच्या माणसाबद्दल. तिथं मोतद्दार आहे, ज्याची जागा भरलेली होती तो. निघाला आपलाच, पलीकडच्या तालुक्यातला. बावीस वर्षं काम करतोय. पहाटे साडेचारला उठून लीद काढतो, खरारा करतो, खूर उकरून साफ करतो, दर दीड-दोन महिन्याला नालबंद येतो तेव्हा घोड्याचा पाय मांडीवर घेऊन बसतो. घोडं पोटशूळानं लोळायला लागलं तर रातभर त्याला धरून चालवतो. पगार अकरा हजार. मी विचारलं, एका घोड्याला महिना काय लागतं? तो बोटावर मोजायला लागला. दिवसाला आठ-दहा किलो वैरण, वर हरभरा, कोंडा, मीठ, जंताचं औषध, नाल, डॉक्टर. चौदा हजाराच्या खाली येईना. स्वतःच हसला. म्हणाला, “म्या स्वस्त हाय गड्या.” मी विचारलं, तुम्ही बसता का कधी? “फिरवायला नेताना लगाम धरतो. खोगिरावर बसायची परवानगी न्हाई.” आणि पोरगं? “त्येला लांबनं दावलंय.”

आता ह्याला काय म्हणायचं? माझ्या भाचीचे साडेचार हजार त्या तबेल्यात जातात, त्या पैशात त्याचा पगार असतो, आणि त्याच्या पोराला ती जागा लांबनं. मी खर्च मांडला त्यात हे कुठल्या रकान्यात घालू? चाळीस मिनिटं आपली पोरगी वर, आणि आपलाच माणूस खाली लीद उचलतोय. मला ते नीट झोपू देत नाही, दिवसा झोपायचं असतं तरी.

शिकवणारे लष्करातनं रिटायर झालेले आहेत. तोंडानं कडक पण पोरीशी न्यायानं वागतात, हे सांगायला पाहिजे. पहिले चार दिवस त्यांनी तिला घोड्यावर बसवलंच नाही. घोड्याजवळ मागनं जायचं नाही, डाव्या खांद्याकडनं जायचं, आधी आवाज द्यायचा, मग हात लावायचा. मग लांब दोरीला घोडा बांधून गोल फिरवला, लगाम न देता, नुसता तोल. मग दुडकी चाल. दुडकीत पोरं पोत्यासारखी आपटतात. हळूहळू टापेबरोबर उठायला बसायला येतं. ते सारखं ओरडत असतात, “टाचा खाली! पाठ ताठ! नजर समोर, घोड्याच्या कानांमधनं!” नजर खाली गेली की तोल जातो, घोड्याला लगेच कळतं.

पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी कुंपणाला धरून उभा होतो. माझा बाप गावात असेपर्यंत पाटलाच्या वाड्यापुढनं जाताना नजर खाली ठेवून गेला. त्याला कुणी शिकवलं नव्हतं, अंगातच होतं. मी सुपरवायझरपुढं आजही जरा खाली बघतो, माझं मलाच कळतं. आणि ही सात वर्षांची कार्टी, हिला पैसे घेऊन शिकवतायत, नजर समोर. तुला पाहिजे तर ह्याला षौक म्हण.

पैशाचं तुझं म्हणणं खोटं नाही. आमच्या पैशानं ह्या देशात कुणी घोडेस्वार होत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगचौच्या एशियाडमध्ये भारतानं घोडेस्वारीत सांघिक सुवर्णपदक घेतलं, एक्केचाळीस वर्षांनी. चौघं जणं, युरोपात राहून शिकलेली, घोडेही तिथलेच. पोरांची मेहनत खरी, त्याला नाव ठेवत नाही. पण कुठल्या घरातली पोरं युरोपात घोड्यासकट राहू शकतात हे सांगायला नको. त्याआधीचं सोनं १९८२ चं, दिल्लीच्या एशियाडमधलं, तीन पदकं. १९८२! १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणूस बाहेर पडलं, त्यात माझा आजा. लोअर परळच्या गिरणीत सांचेखात्यात होता. एशियाड भरला तेव्हा तो भांडी विकून गावाकडं आला होता. परत गेलाच नाही. तो सांगायचा, चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत अकरा माणसं झोपायची, आणि जवळच महालक्ष्मीला घोड्यांना पळायला एवढं रान की नजर पोचत नव्हती. ते रेसकोर्स साधारण २११ एकरांचं. त्याचा भाडेपट्टा २०१३ सालीच संपला होता. २०२४ साली ठरलं की १२० एकरांत लोकांसाठी बाग करायची आणि ९१ एकर क्लबाकडंच ठेवायचे. गिरण्यांच्या जागेवर मॉल झाले, घोड्यांची जागा निम्मी का होईना घोड्यांना राहिली. गिरणी कामगाराचा वारस घरासाठी अजून अर्ज हातात घेऊन फिरतोय. म्हणून मी म्हणतो, मागणी कर. नगरपालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोराला पोहायला, घोड्यावर बसायला सरकारी मैदानात का शिकवू नये? पोलिसांकडं घोडे असतात, लष्कराकडं असतात. ह्या देशात भीमथडीचं तट्टू होतं, भीमेच्या खोऱ्यातलं, काटक, कमी खाणारं. आजही धनगरांच्या तांड्याबरोबर सामान वाहताना दिसतं. त्याच्यावर पोर शिकलं तर काय बिघडंल? त्याला युरोपातला घोडा लागतो असं कुणी सांगितलं? मोर्चा काढायचा तर ह्याच्यावर काढ, मी घोषणा लिहितो. मला हसून मोर्चा निघत नाही.

आमच्या आज्जीचं एक वेगळंच. ती म्हणते, पोरीच्या जातीनं टांगा फाकवून बसायचं, उद्या लग्न कोण करंल. तिला आक्कानं उत्तर दिलं, “तू शेण काढलंस, मी बटणं लावली, आमचं कुणी काय भलं केलं?” त्यावर आज्जी गप्प. माझ्यापेक्षा आक्का नीट बोलते.

सध्या काय चाललंय ते सांगतो नि थांबतो, पाळीला जायचंय. ह्या महिन्यापासनं बारा तासांचे सहा केले. मोतद्दारानं एक सुचवलं. रविवारी सकाळी साडेसहाला तो घोडे पाण्यावर नेतो तेव्हा क्लबाचं कुणी नसतं. खोगिरावर बसवता येत नाही, पण खरारा करणं, खूर बघणं, लगाम चढवणं, घोड्याजवळ न भिता उभं राहणं, हे तो शिकवंल. गेल्या रविवारी मी भाचीबरोबर थोरल्यालाही नेलं. मोतद्दारानं आपलं पोरगं आणलं होतं. तिघंही घोड्याच्या पोटाला हात लावून उभी होती, आतनं गुडगुड ऐकत. थोरला दोन महिन्यांत पहिल्यांदा मला आपणहून बोलला. म्हणाला, “मामा, ह्याच्या पोटात रिंगफ्रेम हाय.” त्याला स्कॉलरशिपचं गणित मीच शिकवतोय, दिवसपाळीच्या आठवड्यात. अपूर्णांकाला माझी गाडी अडते. तुझं गणित चांगलं आहे दादा, येत जा बुधवारी.

तर, घोड्याचे ह्या महिन्याचे २,२५० भरलेत. जयंतीच्या वर्गणीतले तीनशे राहिलेत. सात तारखेला पगार आहे. पावती फाडून ठेव.